ईमॅक्समध्ये हवं ते पॅकेज कसं सापडतं

माझ्याकडे पारिभाषिक शब्दांचा एक तक्ता आहे. डावीकडे इंग्रजी शब्द, मध्ये मराठी प्रतिशब्द, उजवीकडे तो कुठे वापरला त्याची टीप. अनुवादाची कामं करता करता साठत गेलेला. तो मी ईमॅक्स नावाच्या टेक्स्ट एडिटरमध्ये, त्यातल्या ऑर्ग मोड या नोंदी आणि तक्ते ठेवायच्या सोयीत ठेवतो. इंग्रजी रकान्यापर्यंत उभ्या रेघा ओळंबा लावल्यासारख्या सरळ असतात. मराठी रकाना संपला की रेघ एका ओळीत इकडे, दुसरीत तिकडे. टॅब दाबून तक्ता पुन्हा नीट लावायला सांगितलं, तरी तीच गत.

कारण असं आहे. ‘स्वातंत्र्य’ हा शब्द घ्या. आपल्याला त्यात तीन अक्षरं दिसतात: स्वा, तं, त्र्य. युनिकोडच्या हिशेबानं ती ११ चिन्हं आहेत, कारण काना, अनुस्वार आणि प्रत्येक पायमोडी खूण वेगळी मोजली जाते. ईमॅक्स तक्त्याची रुंदी मोजतो ती ठरावीक मापाच्या घरांत, गणिताच्या चौकटीच्या वहीत एका घरात एक अंक लिहावा तशी. इंग्रजी अक्षरं त्या घरांत बरोब्बर बसतात. देवनागरी जोडाक्षर पडद्यावर किती जागा घेणार हे मात्र फाँट ठरवतो, आणि ती जागा घरांच्या पूर्ण पटीत येतेच असं नाही. मग दहा-बारा अक्षरांत चुकत चुकत रेघ सरकते.

यावर कोणीतरी पॅकेज लिहिलंच असेल असं मला वाटलं. लिहिलं होतंही. ते सापडायला माझ्या तीन संध्याकाळी गेल्या. ते कुठे दडवून ठेवलेलं नव्हतं. मीच भलत्या नावानं हाका मारत होतो. त्या तीन संध्याकाळी तुमच्या वाचाव्यात म्हणून हा लेख.

पॅकेज म्हणजे नेमकं काय

ईमॅक्स मूळचा १९७६चा, अमेरिकेतल्या एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेतला. तिथे टेको नावाचा एडिटर होता आणि त्याच्यासाठी जो तो आपापले मॅक्रो, म्हणजे एका हाकेत अनेक आज्ञा चालवणारे तुकडे, लिहीत होता. त्या मॅक्रोंचा एकत्र केलेला संच म्हणजे पहिला ईमॅक्स. नावातलं ‘मॅक’ हे त्या मॅक्रोंचंच. म्हणजे दहा जणांनी जोडलेले तुकडे हा या एडिटरचा पिंडच आहे. आज आपण वापरतो तो ग्नू ईमॅक्स (ग्नू हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प) रिचर्ड स्टॉलमन यांनी नव्यानं लिहिला आणि १९८५मध्ये लोकांसाठी खुला केला.

त्याचा गाभा सी भाषेत आहे, पण वरचं बहुतेक सगळं ईमॅक्स लिस्प या भाषेत. बोलताना सगळे तिला एलिस्प म्हणतात. ऑर्ग मोड, ईमेल वाचणं, फोल्डर चाळणं, तक्ता लावणं, हे सगळं एलिस्पमध्ये आहे आणि एडिटर चालू असतानाच बदलता येतं. ब्राउझरचं एक्स्टेन्शन हे दिवाणखान्यात बसवलेल्या पाहुण्यासारखं असतं. आत कुठवर यायचं हे घरमालक ठरवतो. ईमॅक्सचं पॅकेज थेट स्वयंपाकघरात शिरतं, डबे हलवतं, वाटलं तर शेगडीही बदलतं. त्याच्या ताकदीचं कारण हेच आणि सावध राहण्याचंही. त्या सावधगिरीकडे पुढे येतो.

प्रत्यक्षात पॅकेज म्हणजे एक किंवा अनेक एलिस्प फायली. मुख्य फाइलच्या अगदी पहिल्या ओळीत फाइलचं नाव, तीन आडव्या रेघा आणि मग एका ओळीत काम काय ते लिहिलेलं असतं. त्याखाली लेखक, आवृत्ती, हे पॅकेज चालायला आणखी कोणकोणती पॅकेजं लागतात, विषयदर्शक शब्द आणि प्रकल्पाचा पत्ता. हे डोकं नीट लक्षात ठेवा. कारण ईमॅक्स तुम्हाला पॅकेजांची यादी दाखवतो ती याच चार-पाच ओळींवरून. लेखकानं पहिल्या ओळीत जे शब्द वापरले, त्या शब्दांनीच ते पॅकेज सापडणार. त्याला सुचले नाहीत त्या शब्दांनी शोधाल तर समोर असूनही दिसणार नाही.

ही यादी ईमॅक्समध्येच मिळू लागली ती २०१२च्या २४व्या आवृत्तीपासून, टॉम ट्रोमी यांनी लिहिलेली पॅकेज व्यवस्था त्यात आली तेव्हा. त्याआधी फाइल कुठूनतरी उतरवायची, एका फोल्डरमध्ये टाकायची, त्या फोल्डरचा पत्ता ईमॅक्सला सांगायचा आणि सुरुवातीच्या फाइलमध्ये ती बोलवायची ओळ लिहायची. त्या फाइलला आणखी दोन फायली लागत असतील तर त्या शोधत फिरायचं. जुनी मंडळी या काळाबद्दल हळवी होऊन बोलतात. मला त्यात हळवं होण्यासारखं काही दिसत नाही.

तीन बाजार

पॅकेजं येतात ती मुख्यतः तीन भांडारांतून, आणि तिघांचे नियम वेगळे आहेत. नियम माहीत असले तर कुठलं पॅकेज कुठे सापडेल आणि कुठे सापडणार नाही, याचा अंदाज बसल्या जागी येतो.

पहिलं ग्नू एल्पा. एल्पा म्हणजे ईमॅक्स लिस्प पॅकेज आर्काइव्ह. इथे पॅकेज द्यायचं तर लेखकानं आपल्या कोडचे हक्क फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या नावे करून द्यावे लागतात, रीतसर कागदपत्रांवर सही करून. याचं कारण असं की इथली पॅकेजं कायद्यानं ईमॅक्सचाच भाग धरली जातात आणि उद्या उचलून मूळ एडिटरमध्ये घेता येतात. तसं घडतंही. प्रोग्रॅम लिहिताना चुका आणि सूचना दाखवणारं ईग्लॉट इथून २९व्या आवृत्तीत आत गेलं. अर्धवट दाबलेल्या कळीनंतर पुढे काय काय दाबता येईल ते दाखवणारं व्हिच-की ३०व्या आवृत्तीत गेलं. इथला माल कमी, पण निवडक. त्यावर डिजिटल सहीही असते आणि ती ईमॅक्स तपासतो.

(तुमच्या लिनक्सबरोबर फार जुना ईमॅक्स आला असेल आणि सही जुळत नाही अशी तक्रार दिसली, तर घाबरू नका. सही तपासायची जुनी किल्ली २०१९मध्ये कालबाह्य झाली. ‘ग्नू-एल्पा-कीरिंग-अपडेट’ नावाचं पॅकेज नवी किल्ली आणून देतं.)

दुसरं नॉन-ग्नू एल्पा. कोड मुक्त परवान्याचा हवा ही अट आहेच, पण हक्क लिहून द्यायची भानगड नाही. २०२२च्या २८व्या आवृत्तीपासून हे भांडार आपोआप चालू असतं. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट वापरणाऱ्यांचं लाडकं मॅजिट आणि व्हीआय या दुसऱ्या एडिटरच्या कळांची सवय झालेल्यांसाठीचं ईव्हिल ही दोन्ही इथे मिळतात.

तिसरं मेल्पा. सगळ्यांत मोठं, पाच हजारांवर पॅकेजं असलेलं. ग्नूच्या प्रकल्पाशी त्याचा औपचारिक संबंध नाही, त्यामुळे ते आपोआप चालू नसतं. ‘पॅकेज-आर्काइव्ह्ज’ नावाच्या यादीत त्याचा पत्ता आपण स्वतः जोडायचा असतो. नेमकी ओळ मेल्पाच्या संकेतस्थळाच्या पहिल्याच पानाजवळ दिलेली आहे. इथली पद्धत गमतीची आहे. लेखक इथे कोड आणून ठेवत नाही, फक्त ‘रेसिपी’ देतो. अमुक ठिकाणी माझा कोड राहतो, त्यातल्या तमुक फायली घ्या, एवढीच दोन-चार ओळींची पाककृती. मेल्पाचं यंत्र मग त्या ठिकाणी पुन्हा पुन्हा डोकावतं, काही बदललं असेल तर ताजं पॅकेज बांधतं आणि मांडून ठेवतं.

पहिल्यांदा रेसिपी आली की स्वयंसेवक तो कोड बघतात, सूचना करतात, कधीकधी चांगलंच फैलावर घेतात. पण एकदा आत गेल्यावर पुढचा प्रत्येक बदल कोणाच्याही नजरेखालून न जाता तुमच्यापर्यंत येतो. लेखकानं दुपारी अर्धवट काम साठवलं तर संध्याकाळी ते तुमच्या घरात.

इथे एक सापळा आहे, आणि त्यात पडला नाही असा ईमॅक्सवाला मी पाहिलेला नाही. मेल्पा आवृत्तीचा क्रमांक तारखेवरून देतं, म्हणजे २०२५०३१२ आणि पुढे वेळ, असा. ग्नू एल्पावर त्याच पॅकेजचा क्रमांक असतो २.१. ईमॅक्स दोन आकडे ताडून बघतो आणि साहजिकच दोन कोटींचा आकडा दोनपेक्षा मोठा ठरवतो. परिणामी दोन्ही भांडारं चालू असली की तुम्ही काहीही न सांगता दर वेळी मेल्पाचं ताजं, कधीकधी ओलंच, पॅकेज येतं. लेखकानं विचार करून जाहीर केलेली स्थिर आवृत्ती बाजूलाच राहते. पुढे तुम्हाला कळलं आणि स्थिर आवृत्तीकडे परतायचं ठरवलं, तरी ईमॅक्स म्हणतो, तुमच्याकडे आहे तेच नवं आहे. आधी पॅकेज काढून टाकावं लागतं, मग पुन्हा घ्यावं लागतं.

उपाय दोन. ‘पॅकेज-आर्काइव्ह-प्रायॉरिटीज’मध्ये भांडारांना अग्रक्रमाचे आकडे द्यायचे; मोठा आकडा ज्याचा, त्याचं पॅकेज आधी. किंवा ‘पॅकेज-पिन्ड-पॅकेजेस’मध्ये एकेका पॅकेजचं भांडार बांधून टाकायचं. मी ग्नूला सर्वांत वर, नॉन-ग्नूला त्याखाली आणि मेल्पाला शेवटी ठेवलं आहे. मेल्पाचंच ‘स्टेबल’ नावाचं भावंड आहे, ते लेखकानं खूण केलेल्या आवृत्त्याच घेतं. पण खूण करायला विसरणारे लेखक पुष्कळ असल्यामुळे तिथे कधीकधी फारच शिळा माल मिळतो.

काखेत कळसा

एका मैत्रिणीनं मागे विचारलं होतं, ईमॅक्समध्ये मराठी टाइप करायला कुठलं पॅकेज घेऊ? उत्तर आहे, कुठलंच नाही. कंट्रोल धरून उलटी तिरकी रेघ दाबा. कुठली लेखनपद्धत हवी असं विचारलं जातं; ‘देवनागरी-आयट्रान्स’ म्हणा. इंग्रजी कळांवर उच्चाराप्रमाणे टाइप करत जा, देवनागरी उमटत जाते. तीच कळ पुन्हा दाबली की परत इंग्रजी. हे सगळं मुळात आत आहे. जोडाक्षरं नीट जुळून दिसावीत म्हणून लागणारं हार्फबझ हे तंत्रही २७व्या आवृत्तीपासून ईमॅक्स वापरतो.

म्हणून बाजारात जायच्या आधी घरातले डबे उघडून बघायचे. त्यासाठी ईमॅक्समध्ये तीन-चार दारं आहेत. कंट्रोल-एच दाबून मग ए दाबा आणि एखादा शब्द द्या: तो शब्द ज्यांच्या नावात आहे त्या सगळ्या आज्ञा समोर येतात. ए ऐवजी डी दाबलंत तर नावात नव्हे, आतल्या माहितीच्या मजकुरात शोध होतो; हे दार फार कमी लोक वापरतात, आणि सगळ्यांत उपयोगाचं तेच आहे. लहान पी दाबलंत तर विषयवार यादी उघडते. मोठा पी दाबून पॅकेजचं नाव दिलंत तर त्याची पूर्ण माहिती.

मी यातलं काहीच केलं नाही. पहिल्या संध्याकाळी थेट यादी उघडली आणि शोधायला लागलो: देवनागरी, मराठी, हिंदी, इंडिक. लिपीशी संबंधित जे काही निघालं त्यातलं तक्त्याशी घेणंदेणं असलेलं काहीच नव्हतं. दुसऱ्या संध्याकाळी ‘टेबल’ हा शब्द घातला आणि निकालांच्या महापुरात वाहून गेलो. ‘टेबल’ हा शब्द ‘एक्झिक्युटेबल’मध्ये असतो, ‘एडिटेबल’मध्ये असतो, कशाकशात असतो.

तिसऱ्या दिवशी वहीवर लिहून काढलं: मला नेमकं काय खुपतंय? मराठी खुपत नाहीये. तक्ताही खुपत नाहीये. अक्षरांची रुंदी सारखी नाही म्हणून रेघा एकाखाली एक येत नाहीयेत, हे खुपतंय. ही अडचण फक्त मराठीची असणं शक्यच नाही. चिनी, जपानी, कोरियन लिहिणाऱ्यांचीही असणार. कमी-जास्त रुंदीचा फाँट वापरणाऱ्या इंग्रजी माणसाचीही असणार. मग शब्द सापडला: ‘अलाइन’. तो घातला आणि यादीत ‘व्हीअलाइन’ हे पॅकेज समोर आलं. कुठे? ग्नू एल्पावर, म्हणजे मेल्पाचा पत्ता जोडायचीही गरज नव्हती. लेखक युआन फू. माहितीत स्पष्ट लिहिलेलं: ऑर्ग आणि मार्कडाउनमधले तक्ते पिक्सेल मोजून सरळ दाखवतं, कमी-जास्त रुंदीचे फाँट आणि चिनी-जपानी-कोरियन अक्षरं असली तरी. देवनागरीचा उल्लेखही नाही. पिक्सेल मोजणाऱ्याला लिपीशी काय करायचंय?

आपल्याकडच्या माणसाची ही सवयच आहे, माझीही: आधी ‘मराठीसाठी काही आहे का’ असं शोधायचं. एडिटरच्या जगात बहुधा नसतं, आणि मग आपण हात टेकतो. अडचण लिपीच्या नावानं न शोधता यंत्राच्या नजरेनं शोधली तर आपल्यासारखेच दुसरे कोणी, दुसऱ्या लिपीत अडकलेले, आधीच वाट काढून गेलेले असतात.

यादी वाचायची कशी

ऑल्ट धरून एक्स दाबा आणि ‘लिस्ट-पॅकेजेस’ लिहा. भांडारांतून ताजी सूची उतरते आणि हजारो ओळींची यादी उघडते. ती खाली खाली सरकवत वाचू नका, डोळे फिरतील. तिरकी रेघ आणि एन दाबलं की नावावरून गाळणी लागते, तिरकी रेघ आणि डी दाबलं की वर्णनावरून, के दाबलं की विषयदर्शक शब्दावरून, ए दाबलं की भांडारावरून. तिरकी रेघ दोनदा दाबली की गाळणी निघते. वर्णनाची गाळणी आधी लावा. नावं बऱ्याचदा शब्दखेळ असतात. मॅजिट या नावात गिट लपलेलं तरी आहे, वर्टिको किंवा एम्बार्क या नावांवरून काम ओळखणं अवघड.

प्रत्येक ओळीत आवृत्ती, स्थिती, भांडार आणि एका ओळीचं वर्णन असतं. स्थितीच्या रकान्यात ‘बिल्ट-इन’ दिसलं तर ते घरातच आहे. ‘डिपेंडन्सी’ दिसलं तर तुम्ही मागवलेलं नाही, दुसऱ्या कोणाबरोबर आलेलं आहे. ‘इन्कॉम्पॅट’ म्हणजे तुमच्या ईमॅक्सवर चालणार नाही, बहुधा तुमचा ईमॅक्स जुना म्हणून. एंटर दाबलं की पूर्ण माहिती उघडते. घ्यायचं तर आय दाबून खूण करा, काढायचं तर डी, आणि शेवटी एक्स. एक्स दाबेपर्यंत काहीच होत नाही, त्यामुळे बिनधास्त खुणा करत फिरा.

पॅकेज घेताना ‘फाइल सापडत नाही’ अशी चूक आली तर दोष बहुधा तुमच्याकडच्या शिळ्या सूचीचा असतो. तुमच्या सूचीत कालचा क्रमांक, मेल्पावर तोवर आजची बांधणी आलेली. ‘पॅकेज-रिफ्रेश-कंटेंट्स’ ही आज्ञा द्या आणि पुन्हा घ्या.

यादीच्या बाहेरही दोन जागा मला उपयोगी पडल्या. मॅजिट सांभाळणारे योनास बर्नूली ईमॅक्समिरर नावाचा संग्रह चालवतात. जवळजवळ सगळ्या ज्ञात पॅकेजांच्या प्रती त्यात ठेवल्या जातात, भांडारात न गेलेल्यांच्याही. दुसरी जागा म्हणजे डूम ईमॅक्स आणि स्पेसमॅक्स हे तयार संच. ते वापरा असं मी म्हणत नाही, मी स्वतः वापरत नाही. पण त्यांच्या विभागांची यादी वाचा. अमुक कामासाठी त्यांनी कुठलं पॅकेज निवडलं हे एका दृष्टिक्षेपात कळतं, आणि ती निवड पुष्कळ लोकांच्या रोजच्या वापरातून तावूनसुलाखून निघालेली असते.

एखादं पॅकेज कुठल्याच भांडारात नसेल तर २९व्या आवृत्तीपासून ‘पॅकेज-व्हीसी-इन्स्टॉल’ ही आज्ञा थेट लेखकाच्या गिटच्या पत्त्यावरून ते आणते. मात्र तेव्हा मधला गाळणारा हात कोणाचाच नसतो.

घरात घेण्याआधी

स्वयंपाकघराची गोष्ट आठवा. एलिस्पला कुंपण नाही. पॅकेज तुमच्या नावानं चालतं, म्हणजे तुम्ही जी फाइल वाचू शकता ती तेही वाचू शकतं, जी पुसू शकता ती पुसूही शकतं. डिजिटल सही एवढंच सांगते की माल वाटेत बदललेला नाही. माल चांगला आहे असं ती सांगत नाही. मेल्पाच्या मालावर तर सहीही नसते. पूर्वी ईमॅक्सविकीवर कोणीही कोणाचीही फाइल बदलू शकत असे आणि मेल्पा तिथूनही पॅकेजं उचलत असे. हा धोका ओळखून मेल्पानं पुढे ती वाटच बंद केली.

मी काय बघतो? सगळ्यांत आधी, किती इतर पॅकेजं मागतंय. एका छोट्या कामासाठी नऊ पॅकेजं ओढून आणणारं असेल तर मी परततो. मग प्रकल्पाच्या पानावर लोकांच्या तक्रारींना उत्तरं मिळतात का ते. शेवटचा बदल कधीचा, याला मी लोक देतात तेवढं महत्त्व देत नाही. चार वर्षं हात लागलेला नाही म्हणजे पॅकेज मेलं असं नसतं. एकच काम करणारी दीडशे ओळींची फाइल एकदा बरोबर झाली की बदलायचं काय? उलट रोज बदलणारं पॅकेज मला जास्त धास्ती घालतं. मेल्पाच्या पानावर किती वेळा उतरवलं गेलं तो आकडा असतो. पण दुसऱ्या पॅकेजांबरोबर फरफटत आलेल्यांचाही तो फुगतो, म्हणून तो बघायचा आणि सोडून द्यायचा.

आणि फाइल उघडून वाचायची. हे ऐकून लोक दचकतात, ‘आम्हाला एलिस्प येत नाही’ म्हणतात. यायची गरज नाही. वरचा ‘कॉमेंटरी’ नावाचा भाग साध्या इंग्रजीत असतो. त्याखाली ‘डेफकस्टम’ या शब्दानं सुरू होणारे तुकडे म्हणजे तुम्हाला बदलता येणाऱ्या गोष्टी, प्रत्येकीखाली ती काय करते ते लिहिलेलं. एवढं वाचलं तरी पॅकेजच्या लेखकाचा हात कळतो, जसा दोन पानं वाचून अनुवादकाचा कळतो.

घेऊन बघायचं तर आपल्या रोजच्या ईमॅक्समध्ये नको. २९व्या आवृत्तीपासून ईमॅक्स सुरू करताना ‘इनिट-डिरेक्टरी’ हा पर्याय देऊन वेगळ्या रिकाम्या फोल्डरचा पत्ता सांगता येतो. त्या फोल्डरपुरता तो कोरा करकरीत ईमॅक्स असतो. तिथे पॅकेज घ्या, चार दिवस वापरा, पटलं नाही तर फोल्डर उडवा. मूळ घराला धक्का नाही.

हा शहाणपणा उशिरा आला. एका कामाची अंतिम फाइल पाठवायच्या आदल्या रात्री, झोप येत नव्हती म्हणून, मी सगळी पॅकेजं एकदम अद्ययावत केली. सकाळी ऑर्गची फाइल उघडेना. कोणत्या पॅकेजनं काय केलं हे शोधण्यात दुपार झाली आणि शेवटी फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडून पाठवली. नोटपॅडनं ती निमूटपणे उघडली, हे जास्त लागलं. तेव्हापासून अद्ययावत करण्याआधी ईमॅक्सच्या फोल्डरमधलं ‘एल्पा’ नावाचं फोल्डर आधी दुसरीकडे कॉपी करतो, कारण पॅकेजं सगळी तिथेच असतात. बिघडलं तर जुनं फोल्डर परत जागेवर. दोन मिनिटांचं काम. आणि महिन्यातून एकदा ‘पॅकेज-ऑटोरिमूव्ह’ म्हणतो. मूळ पॅकेज काढल्यावर मागे राहिलेले त्याचे साथीदार ती आज्ञा बाहेर काढते.

आता तक्त्याचं काय झालं ते. व्हीअलाइन कोऱ्या फोल्डरमध्ये बसवलं, तक्त्याची प्रत उघडली, पॅकेज चालू केलं. रेघा सरळ. ‘स्वातंत्र्य’, ‘सार्वभौमत्व’, ‘कर’, सगळ्यांच्या पुढची रेघ एकाखाली एक. मी ते फोल्डर बंद केलं, रोजच्या ईमॅक्समध्ये पॅकेज घेतलं आणि मूळ तक्ता उघडला. रेघा वाकड्याच.

फाइल उघडून वाचली. ‘डेफकस्टम’च्या तुकड्यांत तक्त्याच्या आकाराची मर्यादा ठरवणारी एक सोय होती: त्याहून मोठा तक्ता असेल तर पॅकेज त्याला हात लावत नाही, कारण एवढे पिक्सेल मोजण्यात एडिटर धीमा होतो. कोऱ्या फोल्डरमध्ये मी तपासणीसाठी वरच्या वीस ओळीच नेल्या होत्या. मर्यादा वाढवून बघितली. रेघा सरळ झाल्या, पण प्रत्येक अक्षरामागे पडदा अडखळू लागला. मर्यादा परत होती तशी केली आणि तक्ता तोडला: अ ते औ एक, क ते ङ एक, असे करत. आता शब्द शोधायलाही बरं पडतं. ‘क्ष’ कुठल्या तुकड्यात ठेवायचा यावर मात्र माझं अजून ठरत नाहीये.